पंधराला एक: ईएफ६३ इंजिनाला घाट उतरायला शिकवताना

चढायला १७ मिनिटं, उतरायला २४. जपानमधल्या योकोकावा ते कारुइझावा या ११.२ किलोमीटरच्या घाटाच्या या वेळा पहिल्यांदा वाचल्या तेव्हा मला वाटलं आकड्यांची अदलाबदल झाली असावी. कर्जतला काकांना दाखवलं, तर त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही. म्हणाले, "बरोबर आहे. चढताना इंजिन काम करतं, उतरताना ड्रायव्हर."

काका म्हणजे माझ्या मित्राचे वडील. मध्य रेल्वेत ड्रायव्हर होते, आणि नोकरीतली बरीच वर्षं कर्जत–लोणावळा बँकरवर, म्हणजे घाटात गाडीला मागून ढकलणाऱ्या जादा इंजिनावर, काढलेली. मी बदलापूरला राहतो आणि गेली काही वर्षं ट्रेन सिम्युलेटरसाठी इंजिनं आणि मार्ग बदलत बसतो. ही हकिगत त्यातल्या एकाच कामाची आहे. एका जपानी इंजिनाचं मॉडेल आणि त्याचा घाट मला ओपनबीव्हीई या सिम्युलेटरवर नीट चालवायचा होता. चार महिने लागले, आणि त्यातले तीन मी चुकीच्या टोकापासून सुरुवात केल्यामुळे गेले.

घाट आणि इंजिन

उसुई खिंडीतला हा लोहमार्ग १८९३ साली सुरू झाला. योकोकावा समुद्रसपाटीपासून ३८७ मीटरवर आणि कारुइझावा ९३९ मीटरवर, मधला चढ हजाराला ६६.७. आपल्या भाषेत पंधराला एक, म्हणजे पंधरा मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. भोर घाटातला सर्वांत कडक चढ सदतीसला एक आहे, आणि माथेरानची छोटी गाडी विसाला एक चढते. म्हणजे माथेरानपेक्षाही तीव्र चढावर मुख्य मार्गाच्या एक्स्प्रेस गाड्या चालत होत्या. सुरुवातीची सत्तर वर्षं रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी होती आणि इंजिनाचं दातेरी चाक त्यात अडकून चढायचं. १९६३ साली दाते काढून साध्या रुळांवर गाड्या सुरू झाल्या, आणि त्यासाठीच ईएफ६३ हे इंजिन बनवलं. १०८ टन वजन, सहा धुरा, १५०० व्होल्ट डीसी. एकूण २५ बनली. या भागात शिंकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन, सुरू झाली तेव्हा, १९९७च्या सप्टेंबरअखेर, हा घाट बंद झाला आणि इंजिनांचं कामही संपलं.

काकांना हे इंजिन लगेच आपलंसं वाटलं. तेही १५०० व्होल्ट डीसीवर वाढलेले, डब्ल्यूसीजी-२ इंजिन हाताळलेले. शिवाय पद्धत ओळखीची: ईएफ६३ची जोडी नेहमी गाडीच्या योकोकावाकडच्या, म्हणजे खालच्या टोकाला लागायची. चढताना मागून ढकलायची, उतरताना पुढे राहून गाडी अंगावर घ्यायची. जोडणीसाठी गाडी थांबायची, तेवढ्या वेळात योकोकावाच्या फलाटावर मातीच्या भांड्यातला भात, कामामेशी, विकला जायचा. काका हसून म्हणाले, "म्हणजे कर्जतचा वडाच की." बँकर लावायला गाडी थांबते म्हणून फलाटावरचं खाणं प्रसिद्ध होतं, ही गोष्ट दोन्हीकडे तंतोतंत सारखी निघाली.

पहिले तीन महिने: रंग, रूळ आणि अक्षरं

बीव्हीई हा मूळचा जपानी सिम्युलेटर. नाव बोसो व्ह्यू एक्स्प्रेसवरून आलंय. ओपनबीव्हीई हा त्याच घराण्यातला, सर्वांना मोकळा असलेला. यात मार्ग म्हणजे एक साधी मजकुराची फाईल: इतक्या मीटरवर वळण, इतक्या मीटरवर चढ, इथे सिग्नल, इथे स्टेशन. गाडीचं वागणंही अशाच एका छोट्या फाईलमध्ये असतं. त्यामुळे ज्याला चिकाटी आहे त्याला सगळं बदलता येतं. एका जपानी छंदिष्टाने बनवलेलं ईएफ६३चं मॉडेल मी उतरवून घेतलं आणि उघडलं.

पहिला अडथळा अक्षरांचा. जुन्या जपानी फायली शिफ्ट-जेआयएस या अक्षरसंकेतात असतात. सिम्युलेटरने त्या दुसऱ्या संकेतात वाचल्या की स्टेशनांची नावं म्हणजे नुसता चिखल दिसतो. ते एक वेळ चालेल, पण चित्रांच्या फायलींची नावंही जपानीत असली तर त्या सापडतच नाहीत आणि खांब, पूल, फलाट हवेत विरून जातात. मी दोन आठवडे गायब पूल शोधत होतो. उपाय अर्ध्या मिनिटाचा होता: सुरुवातीच्या खिडकीत अक्षरसंकेत बदलायचा.

सोबतची सूचनापत्रिका माझ्या चुलत बहिणीने वाचून दिली. ती पुण्यात जपानी शिकते. "दादा, यात स्पष्ट लिहिलंय, परवानगीशिवाय बदल करून वाटायचं नाही," असं तिने सांगितलं आणि मला ते पटलं. अशा मॉडेलमागे कुणाच्या तरी रात्री असतात. तिच्याकडून नम्र जपानीत पत्र लिहून घेतलं. दहा दिवसांनी उत्तर आलं: स्वतःपुरतं काय हवं ते बदला, पुढे देऊ नका. म्हणून आजही इंजिन माझ्या संगणकाबाहेर गेलेलं नाही. स्वतः लिहिलेला मार्ग तेवढा मी मित्रांना दिला आहे.

मग रंग. ईएफ६३ निळं, आणि तोंडावर खालच्या बाजूला फिकट पिवळसर. हे काम मी मन लावून केलं, कारण त्यात मजा आहे. दोन्ही तोंडं एकसारखी नाहीत हे छायाचित्रं पाहताना लक्षात आलं. कारुइझावाकडच्या तोंडाला दोन प्रकारच्या गाड्या जोडता येतील असा दुहेरी कपलर, म्हणजे जोडणीचा आकडा, आहे, शिवाय जोडकेबलींच्या सॉकेटांची गर्दी. मॉडेलमध्ये एकाच तोंडाचं चित्र दोन्हीकडे उलटून लावलेलं होतं, ते वेगळं केलं. मागच्या डब्यांवर नंबराच्या आधी एक छोटा भरीव ठिपकाही काढला. हा घाट चढण्यासाठी सांगाडा मजबूत केलेल्या डब्यांवर तशी खूण असायची. त्याच डब्यांच्या एअर स्प्रिंगमधली हवा घाटापुरती काढून टाकत, म्हणजे मागून रेटा बसताना डबा वर उचलला जाऊन रुळावरून घसरू नये. काकांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे पॅसेंजरला दणके बसायचे. पण बरोबर केलं त्यांनी."

रुळांचं काम मात्र खरंच शिकवून गेलं. जपानच्या जुन्या मार्गांचं गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १०६७ मिलिमीटर. ओपनबीव्हीईला आपण वेगळं सांगितलं नाही तर तो १४३५ धरतो. मी रुळांची चित्रं १०६७ची केली, चाकं रुळांवर नीट बसली, आणि काम झालं असं समजलो. पण वळणावर गाडी हवी तेवढी कलत नव्हती. कारण साधं आहे. वळणावर बाहेरचा रूळ उचलतात त्याला कँट म्हणतात, आणि तो मिलिमीटरमध्ये लिहायचा असतो. १०५ मिलिमीटर कँट १०६७च्या रुळांवर दिला तर गाडी सुमारे ५.६ अंश कलते, तोच १४३५वर दिला तर ४.२. चित्रातले रूळ अरुंद होते, पण हिशेबातले रूळ रुंदच राहिले होते. फाईलच्या डोक्यावर गेजची एक ओळ लिहिली आणि ड्रायव्हरच्या खिडकीतलं क्षितिज जागेवर आलं.

दुसरी गोष्ट तुकड्यांची. या सिम्युलेटरमध्ये मार्ग २५ मीटरच्या सरळ तुकड्यांनी बनतो. ३५० मीटर त्रिज्येच्या वळणावर असा सरळ तुकडा खऱ्या कमानीपासून मधोमध २२ सेंटिमीटर दूर जातो, आणि प्रत्येक सांध्यावर गाडी चार अंश मोडते. तुकडा ५ मीटरचा केला तर तेच अंतर ९ मिलिमीटरवर येतं आणि डोळ्याला कमान गोल दिसते. पण मग रूळ, खडी, भिंती, बोगद्याचे गाळे, सगळंच ५ मीटरच्या मापात पुन्हा कापावं लागतं. मी सगळ्या वळणांसाठी ते केलं नाही. जिथून जुन्या मार्गाचा विटांचा पूल दिसतो, ज्याला तिथे चष्मापूल म्हणतात, त्या भागापुरतं वळणाच्या मापाचे वाकडे तुकडे वेगळे बनवले. बाकी घाटाचा बराचसा भाग बोगद्यातला, तिथे अंधार सांभाळून घेतो.

चढाची सुरुवातही अशीच. सपाटीवरून एकदम ६६.७ लिहिलं की इंजिन कड्यावर आपटल्यासारखं वर तोंड करतं. खऱ्या रुळात तिथे हळूहळू वाढत जाणारी कमान असते. मी चढ आठ तुकड्यांत वाटला, प्रत्येक २५ मीटरला सुमारे ८.३ने वाढता. दोनशे मीटरमध्ये इंजिन अलगद चढाला लागू लागलं.

इतकं झाल्यावर मी कौतुकाने लॅपटॉप घेऊन कर्जतला गेलो.

काकांची पहिली फेरी

कारुइझावाहून खाली. पुढे ईएफ६३ची जोडी, मागे डबे. काकांनी निळ्या रंगाकडे पाहिलंसुद्धा नाही. गाडी सोडली, ३० गाठला, ब्रेक धरला. वेग वाढतच राहिला. आणखी धरला, नेहमीच्या वापरातला पूर्ण ब्रेक. ३८ला काटा थोडा थबकला आणि मग इतका सावकाश मागे येऊ लागला, की गाडी थांबेपर्यंत अडीच मिनिटं आणि ८०० मीटर गेले.

काकांनी हात उचलले. "अरे, या गाडीला ब्रेकच नाही. घाटात हिला कोण पाठवेल?"

मी आधी चढ चुकला असेल म्हणून तपासला, मग वजनं. दोन्ही बरोबर होती. चूक गाडीच्या फाईलमधल्या एका आकड्यात होती, आणि ती मॉडेल बनवणाऱ्याची नव्हती. त्याने इंजिन सपाटीवर चालवण्यासाठी बेतलं होतं. घाटावर मी नेलं. तिथे लिहिलं होतं: पूर्ण ब्रेकला वेग सेकंदाला २.५ किलोमीटर प्रतितास कमी व्हावा. सपाटीवर ते ठीक आहे, ३८वरून गाडी पंधरा सेकंदांत उभी राहते. पण ६६.७च्या उतारावर पृथ्वी गाडीला दर सेकंदाला २.३५ने वेग देत असते. ब्रेक सोडून नुसतं बसलं तर उभी गाडी सोळा सेकंदांत ३८ला पोचेल. म्हणजे पूर्ण ब्रेकमधले २.३५ तर गाडी आहे तिथेच धरायला गेले. चाकांच्या घर्षणाचे ०.०९ आपल्या बाजूला धरले तरी थांबवायला सेकंदाला उरले पाव किलोमीटर प्रतितासापेक्षा थोडे कमी.

भोर घाटात हाच ओढा ०.९५चा आहे. काकांच्या हाताला तो माहीत होता, आणि म्हणूनच पहिल्या ब्रेकलाच त्यांना कळलं की इथे गाडी अडीचपट जोराने ओढते. मला ते तीन महिने रंग देऊन कळलं नव्हतं.

चुकीचा उपाय

घरी येऊन मी २.५च्या जागी ६ लिहिलं. गाडी हुकमी थांबू लागली. पुढच्या रविवारी काकांनी ती फेरी अर्ध्यावरच सोडली. "ही गाडी नाही, सायकल आहे," म्हणाले. "सपाटीवर असा ब्रेक मारलास तर डब्यातली माणसं एकमेकांच्या अंगावर पडतील. आणि घाटात गाडी थांबवायची नसते रे. धरून ठेवायची असते."

मग त्यांनी जे समजावलं ते मी वहीत उतरवून घेतलंय. लांब उतारावर हवेचा ब्रेक लावत-सोडत गेलं की चाकं तापतात आणि टाकीतली हवा उतरत जाते. एक वेळ अशी येते की गरज आहे आणि हवा नाही. म्हणून घाटाच्या इंजिनात मोटारीच उलट्या कामाला लावतात. त्या वीज तयार करतात, ती वीज रोधकांमध्ये जाळून टाकतात आणि त्या ओझ्याने गाडी अडून राहते. रिओस्टॅटिक ब्रेक तो हाच. हवा मागे राखून ठेवायची. ईएफ६३मध्येही हीच रचना होती, आणि वर थेट रुळाला धरणारा विद्युतचुंबकीय ब्रेकही होता. तरी १९७५च्या ऑक्टोबरमध्ये चार सुटी इंजिनं याच उतारावर हाताबाहेर जाऊन रूळ सोडून खाली कोसळली. गाडीला जोडलेली नसलेली, नुसती इंजिनं. प्रवासी गाड्यांना उताराची मर्यादा ताशी ३८ होती.

मी विचारलं, "काका, मग ११.२ किलोमीटरला २४ मिनिटं म्हणजे सरासरी २८च पडते. ३८ने का नाही येत?"

"मर्यादेला चिकटून घाट कोण उतरतो?"

आकडा उलटीकडून शोधला

त्या रात्री मी प्रश्न फिरवला. गाडी किती जोरात थांबावी याऐवजी, ब्रेकच्या हँडलच्या कोणत्या खाचेवर गाडी या उतारावर आहे त्याच वेगात राहावी? मधल्या एखाद्या खाचेवर, म्हणजे वर राखीव उरेल आणि खाली सैल सोडायला जागा. ब्रेकला आठ खाचा ठेवल्या आणि पूर्ण ब्रेक ३.६ केला, तर एकेक खाच ०.४५ची होते. पाचव्या खाचेवर २.२५. त्यात घर्षणाचे ०.०९ मिळवले की २.३४. आणि उताराचा ओढा २.३५.

हा हिशेब जुळला तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता आणि मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो. पाचव्या खाचेवर काटा जवळजवळ गोठतो. सहाव्यावर वेग हलकेच उतरतो, चौथ्यावर चढू लागतो. सहाव्याच्याही वर दोन खाचा हाताशी राहतात. सपाटीवर पूर्ण ब्रेकचे ३.६ हे गाडीसारखेच वाटतात. हा आकडा ईएफ६३च्या कारखान्यातला नाही, सिम्युलेटरमध्ये त्या उतारावर ड्रायव्हरच्या हाताला खरं काम मिळावं म्हणून बेतलेला आहे. ओपनबीव्हीईच्या त्या फाईलमध्ये पूर्ण गाडीला ब्रेकचा एकच आकडा देता येतो, त्यामुळे इंजिनाने किती अडवायचं आणि डब्यांनी किती हे वेगळं दाखवता येत नाही. ती उणीव राहिली आहे.

चढणीचा आकडाही त्याच रीतीने बसवला. चढताना पृथ्वीचे २.३५ आणि घर्षणाचे ०.०९ ओलांडल्याशिवाय गाडी हलतच नाही, मागे येते. उभ्या गाडीला वरच्या खाचेवर त्यापेक्षा थोडंच जास्त मिळेल असं ठेवलं.

तिसऱ्या फेरीला काका बोललेच नाहीत. पाचवर धरून २८ने गाडी बोगद्यांमागून बोगदे उतरत होती. वाटेत कुमानोताइराचा सपाट तुकडा लागतो, तिथे त्यांनी आधीच ब्रेक सोडत आणला. पुन्हा उतार सुरू होताच ब्रेक परत घेतला. मी त्यांना तो तुकडा कुठे आहे ते सांगितलं नव्हतं. गाडीचा आवाज जरा बदलला, त्यावरून त्यांनी ओळखलं. योकोकावाला गाडी उभी करून घड्याळ पाहिलं: २३ मिनिटं ४० सेकंद.

"आता हाताला लागतंय," म्हणाले.

मागून ढकलताना

मी लॅपटॉप मिटणार तेवढ्यात ते म्हणाले, "आता चढ दाखव. पण पुढून नको. मी आयुष्यभर मागून ढकललंय. बँकरवर बसव मला."

ओपनबीव्हीईत ड्रायव्हर कितव्या वाहनात बसलाय ते फाईलमध्ये लिहिता येतं. मी तो शेवटच्या इंजिनात नेला. पण समोरच्या काचेतून मोकळा मार्ग दिसत होता, आणि बँकरवाल्याला मोकळा मार्ग कधीच दिसत नाही. त्याच्या पुढे दुसरं इंजिन असतं, नाहीतर डब्याची पाठ. म्हणून कॅबच्या चित्रात काचेची जी जागा पारदर्शक ठेवलेली असते ती मी भरून टाकली. जोडीतल्या पुढच्या इंजिनाचा निळा मागचा भाग तिथे चिकटवला, कपलर आणि केबलींसह. सिग्नल दिसेनासे झाले. त्यांच्या जागी, ठरावीक मीटरला वाजेल अशी शिट्टी मार्गाच्या फाईलमध्ये घातली, जशी पुढचा ड्रायव्हर देतो.

पुढच्या रविवारी काका त्या निळ्या भिंतीसमोर बसले. काकू चहा ठेवून गेल्या, तो तसाच राहिला. योकोकावाच्या फलाटावर गाडी उभी होती, आत नुसता पंख्याचा आवाज. पुढून पहिली शिट्टी आली. कोणती शिट्टी कशासाठी हे मी कागदावर लिहून आणलं होतं आणि तो कागद अजून माझ्या हातातच होता. काकांचा हात तोवर हँडलवर गेला होता, आणि पहिली खाच देऊन ते कपलरच्या चित्राकडे पाहत गाडीला रेटा बसण्याची वाट बघत होते.